तुइरे कानेर्वा प्रवासात आहे

आमच्या कोइवुसाल्मीच्या नाट्यगृहात तुइरे कानेर्वानं तीस वर्षांत जितकी कॉफी आणून दिली, तितकी गावातल्या सगळ्या कॅफेंनी मिळून दिली नसेल. अर्थात ती कॉफी नव्हतीच. जळक्या साखरेचं गार पाणी असायचं, आणि ते सकाळी मीच करून ठेवायची. माझं खरं काम केसांचे टोप करण्याचं. पण गावातली नाटक कंपनी म्हटल्यावर माझं काम, तुझं काम असं काही नसतं. हाताला लागेल ते करायचं आणि वर कुरकुरायचं.

तुइरे ट्रे घेऊन यायची, दाराशी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "बाईसाहेब, कॉफी तयार आहे." सोफ्यावरची बाईसाहेब तिच्याकडे न बघता म्हणायची, "ठेव तिथं." तुइरे ठेवायची आणि आत जायची. नाटक बदलायचं, काळ बदलायचा, टोप बदलायचा, एवढं मात्र बदलायचं नाही. कधी ती मोलकरीण, कधी शेजारीण, कधी पाद्रीबुवांची विधवा बहीण. एका शोकांतिकेत तिला भुताचं काम मिळालं म्हणून आम्ही खूश झालो, तर दिग्दर्शकानं त्या भुताच्याही हातात ट्रे दिला.

तिचा बाप नदीतून लाकडाचे ओंडके वाहून न्यायच्या कामावर होता. ती स्वतः पोरवयात कागद गिरणीत लागली आणि संध्याकाळी कामगार भवनात हौशी नाटकं करायची. गिरणीतल्या निम्म्या पोरी तेव्हा तिथं नाचायला जायच्या, ही नाटकाला जायची. गावात पगारी कंपनी निघाली तेव्हा तिला घेतलं, तेव्हा ती तिशीची होती. आई म्हणाली, एवढी पक्की नोकरी सोडून तोंड रंगवायला निघालीस, वेड लागलंय का? तुइरे काही बोलली नाही. ती कधीच काही बोलायची नाही. आम्ही फिनलंडचे लोक मुळात कमी बोलतो, पण आमच्यातसुद्धा तिला अबोल म्हणायचे, म्हणजे बघा.

सिनेमासुद्धा केला तिनं. एका उन्हाळ्यात हेलसिंकीची मंडळी तळ्याकाठी चित्रीकरणाला आली होती, त्यांनी तिला स्वयंपाकिणीचं काम दिलं. सिनेमा लागला तेव्हा आख्खं नाट्यगृह बघायला गेलं. त्यात तुइरेचा हात दिसला. हात आणि कॉफीची किटली. बाकीची तुइरे कापली होती. मला इतका संताप आला की मी थिएटरात उभी राहिले. तिनं मला खाली ओढलं आणि म्हणाली, "हात छान दिसलाय गं."

आणि उन्हाळी नाटकं तर विचारूच नका. तळ्याकाठी उघड्यावर रंगमंच, समोर बाकं, आणि पाऊस आला तर प्रेक्षक रेनकोट घालून बसून राहतात. उठत कुणीच नाही. ते उठत नाहीत म्हणून आम्हालाही थांबता येत नाही. तुइरेच्या ट्रेमधल्या कपात पावसाचं पाणी भरायचं, नाकावर डास बसायचा, पण ट्रे हलला असं कधी झालं नाही.

आता बाईसाहेबांबद्दल सांगते. सोफ्यावरची बाईसाहेब म्हणजे सोल्वेग लिंडरूस. नाटक कोणतंही असो, मुख्य काम तिचं. उंच, गोरी, मानेवर नेहमी स्कार्फ, आणि गावातली माणसं रस्त्यात दिसली तर मान अशी हलवायची की जणू आम्हीच तिचं काही देणं लागत होतो. काम उत्तम करायची, ते नाकारत नाही. पण टोप घालताना एक केस जरी ओढला गेला तरी माझा उद्धार व्हायचा. मी तिला मागं राणीसाहेब म्हणायची. कधी कधी पुढंही म्हणायची, तिला तो मान वाटायचा. माझं नाव व्हिएनो, आमच्या भाषेत त्याचा अर्थ मृदू, सौम्य. ज्यांनी ठेवलं त्यांनी मला बोलताना ऐकलं नव्हतं.

आमच्याकडे नटाला रंगभूमीवर तीस वर्षं झाली की कंपनी त्याचा गौरव प्रयोग करते. त्या दिवशी नाटकातलं मोठं काम त्याचं, प्रयोग संपला की पडदा उघडा ठेवून फुलं, भाषणं, दुसऱ्या नाट्यगृहांच्या तारा. सोल्वेगचा झाला तेव्हा फुलांनी रंगमंच भरला होता आणि दुसऱ्या दिवशी मला शिंका थांबेनात. तुइरेची तीस वर्षं भरली तेव्हा मॅनेजरला ते आठवेना. मी आठवण करून दिली. कशी, ते सांगत नाही, पण माझा आवाज तळमजल्यावर ऐकू गेला म्हणतात.

तर मॅनेजरनं तिला मुख्य काम दिलं. लाकूड गिरणीच्या मालकिणीचं. ही मालकीण पहिल्या अंकापासून सगळ्यांना झापते, पोरांना हाकलते, आणि शेवटच्या अंकात भल्यामोठ्या घरात एकटी उरते. तीन अंक तीच बोलते. तुइरेनं संहिता हातात घेतली आणि कितीतरी वेळ फक्त धरून बसली. मग मला म्हणाली, "व्हिएनो, यात मी बसलेली आहे." म्हणजे सोफ्यावर. ट्रे दुसरं कुणी आणतंय.

तो ट्रे कुणी आणायचा, यावर सोल्वेग म्हणाली, मी आणते.   राणीसाहेब मोलकरीण होऊन येणार म्हणजे हॉल तिच्याकडेच बघणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मॅनेजर मात्र खूश झाला, जाहिरातीत दोन्ही नावं घालता येतील म्हणून.

प्रयोग ठरला नोव्हेंबरातल्या शनिवारी. नेमका त्याच दिवशी तुइरे साठ वर्षांची होत होती.

इथं एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. आमच्याकडे पन्नासाव्या नि साठाव्या वाढदिवसाला बोलावणं जात नाही. वर्तमानपत्रात नाव छापून येतं, आणि त्या दिवशी दार उघडं ठेवायचं, टेबलावर कॉफी आणि सात प्रकारचं भाजलेलं गोडाचं. ज्याला यायचं तो येतो. शेजारी, गिरणीतले, पाद्रीबुवा, कधीकाळी एका बसमध्ये भेटलेला माणूससुद्धा. कुणाला हे नको असलं तर तो वर्तमानपत्रात एकच ओळ छापतो: 'वाढदिवशी प्रवासात.' मग कुणी जात नाही. माणूस खरंच गेला की घरात पडदे ओढून बसलाय, हे विचारायचं नाही. प्रवासात म्हणजे प्रवासात.

तुइरे पन्नास वर्षांची झाली तेव्हा तिनं दार उघडं ठेवलं होतं. आठवडाभर भाजत होती. वेलचीचे पाव, जायफळाचे केक, लोण्याची बिस्किटं. शेजारणीकडून खुर्च्या आणल्या. आणि त्या दिवशी असा बर्फाचा पाऊस झाला की रस्त्याची काच झाली, बस बंद, माणूस दारातून बाहेर पाय टाकेना. मी गेले, पोस्टमन आला. शिवाय खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले, पण ते खुर्च्या ओढल्याचा आवाज होतोय म्हणून तक्रार करायला. तुइरेनं त्यांनाही कॉफी दिली. त्यानंतर जूनपर्यंत आम्ही दोघी फ्रीजरमधले वेलचीचे पाव खात होतो. त्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, पण वेलचीचा पाव तिनं पुन्हा केला नाही.

आणि आता साठावा. गुरुवारी सकाळी मी लापशी खात वर्तमानपत्र उघडलं, तर वाढदिवसांच्या पानावर ओळ: 'अभिनेत्री तुइरे कानेर्वा, साठाव्या वाढदिवशी प्रवासात.' मी म्हटलं, ठीक आहे, तिची मर्जी. गौरव प्रयोगाच्या दिवशी सकाळी कोण भाजत बसणार? माझ्याही डोक्यात काही आलं नाही, खोटं कशाला बोलू.

डोक्यात आलं ते शुक्रवारी दुपारी. तिकीट खिडकीवर आमचा रेइयो बसतो, हा माणूस आठवड्यातून दोन वाक्यं बोलतो. मी टोप घेऊन चालले होते तर त्यानं मला हाक मारली. तेवढ्यानंच मी घाबरले.

"लोक तिकिटं परत करतायत," रेइयो म्हणाला.

"का?"

"ती प्रवासात आहे म्हणून."

मी टोप तिथंच खिडकीवर आपटला. अरे, संध्याकाळी सातला ती तुमच्यासमोर उभी राहणार, प्रवासात कसली? रेइयोनं खांदे उडवले. गावानं ती ओळ वाचली होती आणि आपापसात ठरवूनही टाकलं होतं. बिचारी तुइरे. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम, धीर सुटला असणार. तिला तोंड लपवायचं असेल तर आपण हॉलमध्ये बसून तिला कशाला लाजवायचं? आणि एक माणूससुद्धा विचारायला आला नाही, कारण विचारणं म्हणजे अगोचरपणा. मायेनं तिकिटं परत करत होते लोक! असं गाव तुम्हाला जगात दुसरीकडे मिळणार नाही.

मॅनेजरनं शनिवारच्या अंकात घाईघाईनं छापून घेतलं, प्रयोग ठरल्याप्रमाणे होईल. त्यानं आणखी घोळ झाला. गाव म्हणालं, होणारच, सोल्वेग लिंडरूस आहे ना, तीच मालकिणीचं काम करेल. मग बघायला पुढच्या आठवड्यात जाऊ. मॅनेजर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला की पहिल्या प्रयोगाला हॉल रिकामा राहिला तर हे नाटक बंद करावं लागेल, त्याचा नाइलाज आहे. म्हणजे तीस वर्षं ट्रे उचलून बाईच्या वाट्याला सोफा आला तो एका संध्याकाळपुरता, आणि तोही रिकाम्या खुर्च्यांसमोर.

त्याआधी, शुक्रवारीच दुपारी, राणीसाहेब माझ्या खोलीत आल्या. मोलकरणीची पांढरी टोपी नीट बसते का बघायला. आरशासमोर उभी राहून तिनं विचारलं, तुइरे ट्रे कुठल्या हातावर पेलते. मी म्हटलं, तीस वर्षं समोर बसली होतीस, बघितलं नाहीस का? तिनं टोपी काढून ठेवली. मग म्हणाली, विंगेत एखादी विजेची शेगडी मिळेल का. मी मनात म्हटलं, हो तर, आता बाईंना विंगेत गरम गरम चहा हवा. शेगडी दिली, तोंड मात्र जितकं वाकडं करता येईल तितकं केलं.

संध्याकाळी मी तुइरेच्या घरी गेले आणि बूट काढायच्या आधी तोंड सोडलं. तुला अक्कल आहे का, स्वतःच्या गौरव प्रयोगाच्या दिवशी कुणी प्रवासाला जातं का, आधी मला विचारायचं नाही? ती स्वयंपाकघरात संहिता घेऊन बसली होती. सगळं ऐकून घेतलं. तिकिटांचं ऐकल्यावर संहिता मिटून ठेवली.

"मागच्या वेळी कुणी आलं नाही, ते मी सोसलं गं," ती म्हणाली. "पण पुन्हा दार उघडं ठेवायचं आणि पुन्हा कुणी आलं नाही तर?"

माझा सगळा राग जागच्या जागी विरला. मी तिच्या समोरची खुर्ची ओढून घेतली आणि आम्ही दोघी राईच्या पावावर चीज घालून खात बसलो. मग मी म्हटलं, उद्या सकाळी बाजारात चल. लोकांनी तुला डोळ्यांनी बघितलं की विषय संपला.

शनिवारी सकाळी मी तिला हाताला धरून बाजाराच्या चौकात नेलं. माझा हिशेब साफ चुकला. जिथं जावं तिथं लोक तिला न बघण्यात गर्क. प्रवासातल्या माणसाला बघायचं नसतं ना! मासेवाल्यानं तिनं मागितलेले मासे कागदात बांधले आणि माझ्या हातात दिले. पाद्रीबुवांची बायको समोरून येत होती, ती वळून चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ वाचायला लागली, आणि ते घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे. कॉफीच्या तंबूत बाकावर आमच्यासाठी जागा झाली, पण एकाच माणसाची. मी मोठ्यानं म्हटलं, तुइरे, साखर किती? तर तंबूतल्या सगळ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं, बिचारी व्हिएनो एकटीच बोलतेय अशा नजरेनं.

तुइरे माझ्या कानाशी आली. "व्हिएनो," ती म्हणाली, "मी खरंच कुठं गेलेय की काय?"

मला हसू आलं आणि तिच्याकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पुरे झालं, मी म्हटलं. तीही म्हणाली, पुरे. प्रयोगाच्या आधी ती नेहमी सॉनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जायची, तशी जाऊन येते म्हणाली. आजवर एकटी जायची. मी म्हटलं, मीही येते.

आमच्या जुन्या गिरणी वस्तीत अजून सार्वजनिक सॉना आहे. शनिवारी दुपारी बायकांची वेळ. चालवते मार्त्ता. ही बाई लाकडं फोडते, भट्टी पेटवते आणि कुणी भिजलेल्या पायांनी कपडे बदलायच्या खोलीत आलं तर त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब काढते. आम्ही आत गेलो तेव्हा वरच्या फळ्या भरल्या होत्या. अर्धं गाव होतं. फुलवाली हेल्लिन, मासेवाल्याची बायको, दोन शिक्षिका, आणि पाद्रीबुवांची ती घड्याळ वाचणारीसुद्धा. अंधार, वाफ, अंगावर मारून घ्यायच्या ओल्या बर्चच्या डहाळ्यांचा वास. आम्ही शिरलो तशी बोलणी थांबली. सरकून जागा दिली, पण कुणी मान वळवली नाही.

आम्ही वर चढून बसलो. मार्त्तानं भट्टीवर पाणी टाकलं. वाफ कानाला चटका देऊन गेली. मी तोंड उघडणार, आता सगळ्यांना असं सुनावते की, तेवढ्यात तुइरेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी गावातच आहे," ती म्हणाली.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. रंगमंचावरचा नव्हता, स्वयंपाकघरातलाही नव्हता.  ती पुढं बोलत राहिली, अडखळत, पण थांबली नाही. "मी घाबरले होते. मागच्या वेळी कुणी आलं नाही, म्हणून या वेळी तसं छापून टाकलं. आज संध्याकाळी मी काम करतेय. तुम्ही सगळ्यांनी यावं असं मला वाटतं."

आमच्याकडे माणूस मरायला टेकला तरी मदत मागायला दहा वेळा विचार करतो. आणि ही बाई अंगावर कापड नसताना निम्म्या गावापुढे म्हणाली, तुम्ही यावं.  बराच वेळ नुसती भट्टी चुरचुरत होती.

मग खालून मार्त्ताचा आवाज आला. "कॉफी मिळणार का?"

आधी कुणीतरी एक जण फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळ्या फळ्या हलायला लागल्या. हसणं ओसरलं तेव्हा हेल्लिन फुलवाली बोलायला लागली, भट्टीकडेच तोंड करून. तिनं सांगितलं की महिन्यापासून गाव शनिवारची तयारी करत होतं. पन्नासाव्याला बर्फाचं निमित्त झालं, पण दुसऱ्या दिवशी रस्ते मोकळे झाले होते आणि तरी कुणी गेलं नाही, कारण एक दिवस उशिरा जायला सगळ्यांना लाज वाटली. मग एक आठवडा गेला, मग जास्तच लाज वाटली. दहा वर्षं हे गाव तुइरेला दुकानात बघून खाली मान घालत होतं. या वेळी फुलांच्या ऑर्डरी इतक्या आल्या की हेल्लिननं मागची खोली रिकामी करून बादल्या मांडल्या. आणि गुरुवारी ती ओळ वाचून एकेकानं गुपचूप ऑर्डर रद्द केली.

"फुलं अजून तशीच बादल्यांत उभी आहेत," हेल्लिन म्हणाली. "आता तू आलीसच आहेस तर."

पाद्रीबुवांच्या बायकोनं कबूल केलं की तिनं लोकरीचे मोजे विणलेत, आणि कुणाला द्यायचे कळेना म्हणून नवऱ्याला घालायला लावले. परत धुवून देईन म्हणाली. तुइरे रडत होती. सॉनात ते बरं असतं, घाम कोणता आणि बाकीचं कोणतं हे कुणी बघत नाही. मी रडत होते हे मात्र सगळ्यांना कळलं, कारण मला मुकाट्यानं रडता येत नाही.

संध्याकाळी विंगेतून मी पडद्याच्या फटीतून बघितलं. रेइयोनं दुपारनंतर किती तिकिटं फाडली मला माहीत नाही, पण त्यानं मला बघून अंगठा वर केला, म्हणजे आठवड्याच्या बोलण्याचा कोटा त्यानं हातानं संपवला. हॉल भरला होता. बायकांचे चेहरे लालबुंद, लोकरी टोप्यांखालून ओले केस चिकटलेले, आणि आख्ख्या नाट्यगृहाला बर्चचा नि डांबराच्या साबणाचा वास. मांडीवर फुलं. कोट ठेवायच्या खोलीत घरून आणलेल्या खाण्याची भांडी, बरण्या, डबे. मार्त्ता पहिल्या रांगेत, लोक पाय पुसून आत आले का ते बघत.

आणि तुइरे? अहो, काय सांगू. पहिल्या अंकात ती दिवाणखान्यात शिरली आणि दिवाणजीला असं झापलं की तिसऱ्या रांगेतल्या बँक मॅनेजरनं पाय आखडून घेतले. तीस वर्षं गप्प राहून तिनं बायकांची बोलणी किती ऐकून ठेवली होती, ते तेव्हा कळलं. लोक हसले, मग हसायचे थांबले. शेवटच्या अंकात घर रिकामं झालं, पोरं निघून गेली, आणि ती सोफ्यावर बसली. आता मोलकरणीनं यायचं.  राणीसाहेब, मी मनात म्हटलं, आता जर तू काही नखरा केलास तर तुझा टोप मी भट्टीत घालेन.

सोल्वेग आली. पांढरी टोपी, एप्रन, खांदे पाडलेले. ट्रेमधली कपबशी वाजत होती. दाराशी क्षणभर थांबली, अगदी तुइरेसारखी.

"बाईसाहेब, कॉफी तयार आहे."

तेव्हा मला वास आला. विंगेत मला आला, मग पहिल्या रांगेत माना वर झाल्या, मग दुसऱ्या. कपातून आणि शेजारच्या किटलीतून वाफ निघत होती. ती शेगडी तिनं चहासाठी मागितलीच नव्हती. जळक्या साखरेचं पाणी मी सकाळी करून ठेवलं होतं, ते कुणीतरी ओतून दिलं होतं, आणि ट्रेमध्ये खरी, ताजी, गरम कॉफी होती, आणि शेजारी एक वेलचीचा पाव. मी तिला मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या एकेक करून परत घेतल्या. बऱ्याच होत्या.

संहितेत तुइरेचं वाक्य होतं, "ठेव तिथं." न बघता म्हणायचं. तिनं न बघता हात पुढं केला, आणि वाफ तोंडाला लागली. ती थांबली. कपाकडे बघितलं, पावाकडे बघितलं. मग मान वर करून सोल्वेगकडे बघितलं.

"बस ना," तुइरे म्हणाली. "तुझा कप कुठाय?"

सोल्वेग लिंडरूसला आयुष्यात कधी पुढचं वाक्य सापडलं नाही असं झालं नव्हतं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि विंगेकडे बघितलं. मीच विंगेतल्या टेबलावरचा माझा रिकामा कप घेऊन विंगेच्या कडेला गेले आणि हात लांब करून तिच्या हातात दिला, लोकांना माझा हात दिसला तर दिसला. ती सोफ्याच्या काठावर बसली. तुइरेनं तिला किटलीतून कॉफी ओतली, स्वतःचा कप पुढं ओढला, पाव मोडून अर्धा तिच्या बशीत ठेवला. दोघी प्यायला लागल्या.

दिग्दर्शक माझ्या शेजारी केस उपटत होता. पण हॉलमधून एक माणूस हलला नाही. कॉफी पिणाऱ्याला घाई करायची नसते, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. आख्खं गाव मांडीवर फुलं घेऊन बसून राहिलं, दोघींचे कप रिकामे होईपर्यंत. मग तुइरेनं कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि मालकिणीचं शेवटचं भाषण सुरू केलं.